आहे तसंच ठेवीन

नरेश, कावळा शिवेना म्हणून मी तुला चारचौघांत शब्द दिला आणि त्या शब्दाने मला नंतर असं कोंडीत पकडलं की काही विचारू नकोस. इतकी वर्षं आपण भांडलो, पण मला गप्प करणं तुला कधी जमलं नव्हतं. गेल्यावर बरोबर जमवलंस.

दहाव्याला आम्ही सगळे तुझ्या गावी, खाडीच्या बांधावर जमलो होतो. पिंड मांडून झाले, भटजी मागे सरले आणि समोरच्या तिवरांवर कावळे नुसते बसून राहिले. एरवी पोरांच्या हातातली भाकरी पळवणारे ते, त्या दिवशी मान वळवायला तयार नव्हते. तुझे बाळारामदादा हात जोडून पुढे झाले. "नऱ्या, रंजनाला आमी काय कमी परू देनार नाय," ते म्हणाले. कावळा हलला नाही. "घरातला तुजा हिस्सा तुजाच हाय, कोन हात लावनार नाय." तरी काही नाही. कुणीतरी विचारलं, त्याच्या आवडीची भजी ठेवली का? ठेवली होती. ऊन चढत होतं. बायका मागे उभ्या होत्या, त्यांत रंजनावहिनीही होत्या. हळूहळू लोकांच्या चेहऱ्यांवर भीती दिसायला लागली. हसू नकोस, मलाही वाटायला लागली होती. मग दादा माझ्याकडे वळले.

"सतीश, तुमी बोला. त्याचा जीव त्या कॉम्पुटरमदी हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी असलं काही मानत नाही, तूही मानत नव्हतास. पण तिथे उभं राहून 'मी मानत नाही' म्हणायची हिंमत कुणाची होते? मी पुढे झालो आणि म्हणालो, "नरेश, तुझं मशीन आहे तसंच ठेवीन. पुसणार नाही. दुसरं काही टाकणार नाही." शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडतो न पडतो तोच एक कावळा खाली आला, मधल्या पिंडाला चोच लावली आणि शिताचा गोळा घेऊन गेला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दादांनी मला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी मनात तुला शिव्या घालत होतो.

कारण मी काय कबूल केलं होतं ते तिथे मला आणि वहिनींनाच ठाऊक होतं. मशीन चालवणारी सिस्टिम, लिनक्स, लोक तयार आणून टाकतात आणि चहा निवायच्या आत कामाला लागतात. तू प्रत्येक प्रोग्रामचा मूळ कोड उतरवून घ्यायचास, तो घरच्याच मशीनवर कंपाइल करून चालण्याजोगा करायचास आणि एकावर एक रचत सगळी सिस्टिम हाताने उभी करायचास. पहिल्यांदा केलंस तेव्हा आठवडा उलटल्यावर वहिनींनी विचारलं होतं, "झालं का?" तू म्हणाला होतास, "आता कुठे चौकट बसली." हाताने बांधलेली सिस्टिम पडत नाही, हे तुझं म्हणणं. हा शुद्ध भ्रम आहे, हे माझं. मी बेलापूरला ऑफिसातली मशीनं सांभाळतो. सगळ्यांवर एकच तयार, जुनी, मुरलेली सिस्टिम. हजारो लोकांनी वापरून तिच्यातल्या खोडी काढलेल्या असतात. तुझ्यासारखी सिस्टिम जगात एकच, म्हणजे तिच्यातला दोष सापडणार तोही तुलाच आणि निस्तरणारही तूच, असं मी म्हणायचो आणि तू मिशीत हसायचास.

खांदा कॉलनीत आपण एकाच जिन्याने चढणारे, तू दुसऱ्यावर, मी तिसऱ्यावर. घरोघरी इंटरनेट नव्हतं तेव्हा तू मुंबईहून सीडी आणायचास. गावी जायचं असलं की मोरा बंदराच्या लाँचने यायचास आणि पाणी उडेल म्हणून त्या सीडी शर्टाच्या आत पोटाशी धरायचास, तान्ह्या पोराला धरावं तशा. त्यातलीच एक मला दिलीस. आज मी ज्या कामावर पोट भरतो ते त्या एका सीडीतून निघालं, नरेश. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुढच्याच वादात तू ते माझ्या डोक्यात मारलं असतंस. आता सांगतो. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.

कर्नाळ्याला चढताना झालेलं भांडण आठवतं? धाप लागलेली, तरी तोंडं बंद होईनात. तू तुझ्या वडिलांच्या मिठागराच्या गोष्टीवर आलास. "बापानं बांध स्वतःच्या हातानं घातला होता," म्हणालास, "म्हणून कुठे झिरपतंय ते त्याच्या पायाला कळायचं. दुसऱ्याच्या बांधावर चालून बघ, कळतंय का ते." मी म्हणालो, "आणि उधाणाला बांध फुटला की अख्खा गाव पाट्या-फावडी घेऊन धावायचा, हे कुणी सांगितलं मला? तूच ना? माझी तयार सिस्टिम म्हणजे तो गाव आहे. तू एकटा बांधावर उभा आहेस." तू तिथेच थांबलास. "तुला काय कललाय बांधातला," एवढंच म्हणालास. घरची भाषा आली की समजायचं, लागलंय. वर पोचेपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. उतरताना मात्र विषय तूच पुन्हा काढलास.

तुझा सगळ्यात मोठा अभिमान होता तो कर्नेलचा. सिस्टिमच्या त्या गाभ्यात तू फक्त तुझ्या मशीनला लागतील तेवढेच ड्रायव्हर, म्हणजे एकेक भाग चालवणारे तुकडे, ठेवले होतेस, बाकीचे सगळे वेचून काढून टाकले होतेस. "जे नाहीच ते बिघडणार कसं?" हे तुझं ब्रह्मवाक्य. आणि मानायला हवं, ते मशीन कधी अडलं नाही. वहिनी त्यावर डीटीपीचं काम करायच्या, लग्नपत्रिका, अहवाल, पुस्तकं. कितीही पानं असोत, ते आपलं शांत. माझ्या ऑफिसातली मशीनं वर्षातून दोन-तीनदा तरी मला नाचवतात, हे तुला माहीत होतं आणि तू ते विसरू देत नव्हतास.

तू जायच्या आधीच्या रविवारी मी तुला म्हणालो होतो, "मदरबोर्डच जळला तर? तुझा हा गाभा दुसऱ्या कुठल्या मशीनवर उठायचा नाही."

"जळल्यावर बघू. मी आहे ना."

मग चहा झाला आणि मी वर गेलो. वाद तसाच राहिला.

तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि त्याच आठवड्यात भरदुपारी लाइट गेली. आली ती दोनदा दणके देत. थोड्या वेळाने वहिनींचा फोन आला. "भावजी, मशीनमधून जळका वास येतोय."

मी ऑफिसातून निघालो. जिन्यात वहिनी उभ्याच होत्या. एका शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून तिची स्मरणिका त्या करत होत्या, हे मला माहीत होतं. रविवारी समारंभ होता आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फाइल प्रेसला पोचायला हवी होती. "तुमचे मित्र गेल्यानंतरचं हे माझं पहिलं काम," त्या म्हणाल्या. "शाळेच्या बाईंनी हे मला कीव करून दिलेलं नाही. पण हे हातचं गेलं तर पुढचं मिळेल ते कीव करूनच मिळेल. तेवढं लक्षात ठेवा आणि मग आत या." मी मान हलवली.

बोर्ड जळला होता. डिस्क शाबूत होती, म्हणून आधी मला हायसं वाटलं. तिच्यातली स्मरणिका मी माझ्या लॅपटॉपवर उघडली आणि तोंडचं पाणी पळालं. पानं लावायचा तो प्रोग्राम तू जुन्या आवृत्तीवरून, त्यात आपल्या हाताने बदल करून बांधला होतास, मराठीच्या ओळी नीट तुटाव्यात म्हणून. माझ्याकडच्या नव्या आवृत्तीत सगळा मजकूर सरकला. माजी मुख्याध्यापकांच्या फोटोखाली शिपाईकाकांची माहिती आली आणि देणगीदारांची नावं दुसऱ्याच पानावर जाऊन बसली. वहिनी माझ्या मागे उभं राहून बघत होत्या. "हे पुन्हा लावायचं म्हणजे शुक्रवार काय, पुढचा शुक्रवारही पुरायचा नाही," त्या म्हणाल्या. म्हणजे तुझीच सिस्टिम उठायला हवी होती, तीही दुसऱ्या मशीनवर.

पनवेलच्या बाजारात एका ओळखीच्या दुकानातून मी जुनं मशीन उचलून आणलं. तू प्रत्येक गोष्ट तुझ्याच प्रोसेसरसाठी बांधली होतीस, म्हणून त्याच कंपनीचा, थोडा नंतरचा प्रोसेसर बघून घेतला. डिस्क लावली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या आणि सगळं थांबलं. तुझ्या गाभ्याला डिस्कच दिसत नव्हती. नव्या बोर्डाचा ड्रायव्हर तू कधीच वेचून फेकला होतास.

मी म्हणालो होतो तसंच झालं होतं, अगदी शब्दाला शब्द. असं काही झालं की तुझ्या खुर्चीकडे वळून 'बघ, काय म्हणालो होतो' म्हणायची माझी सवय. मी वळलोसुद्धा. खुर्चीवर वहिनींच्या प्रुफांचा गठ्ठा होता.

"होईल का?" वहिनींनी विचारलं.

"होईल."

"खरं सांगा, भावजी."

"माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळीच खाली आलो. पेनड्राइव्हवरून माझी तयार सिस्टिम सुरू केली, जिच्या नावाने तू नाक मुरडायचास तीच. तिने तुझी डिस्क लगेच ओळखली. आता तिच्या आतून तुझ्या सिस्टिममध्ये शिरायचं होतं आणि तिथेच बसून गाभा नव्याने बांधायचा होता. नव्या प्रोसेसरला तुझे प्रोग्राम पचले नाहीत, तर इथेच खेळ खलास होता. मी आज्ञा टाइप केली आणि बोट एंटरवर तसंच ठेवलं. वहिनी मागून पडद्याकडे वाकल्या. दाबलं. एक क्षण काहीच नाही. मग तुझ्या सिस्टिमची ती हिरवी ओळ आली, कर्सर लुकलुकायला लागला, आणि वहिनी भिंतीला टेकून खालीच बसल्या.

मग मी एकेक ड्रायव्हर परत घालायला बसलो. आधी डिस्कचा, मग नेटवर्कचा, मग पडद्याचा. तू हौसेने वेचून काढलेलं मी पुन्हा आत टाकत होतो. आहे तसंच ठेवीन म्हणालो होतो ना? पहिला ड्रायव्हर घातला तेव्हाच तो शब्द चिरला होता. पण वहिनी समोर होत्या, आणि तुला तोंड द्यायला मला अजून बराच वेळ होता.

कंपाइल सुरू झालं आणि पंखा मंदावला. लाइट पुन्हा खेळ करत होती. इन्व्हर्टर चिरका ओरडायला लागला, तशा वहिनींनी उठून फ्रिज, पंखे, घरातलं होतं नव्हतं ते सगळं बंद केलं. घामाने आम्ही दोघंही निथळत होतो. मध्येच प्रेसवाल्याचा फोन आला. "ताई, मशीन तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय, नाय जमत तर आत्ताच सांगा, दुसरं काम घेतो." वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं. "उद्या संध्याकाळी फाइल देते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ओळी सरकत होत्या आणि मी त्यात चूक शोधत होतो. सवयच ती. दुसऱ्याची बांधलेली सिस्टिम हलवली की कुठेतरी काहीतरी कुरकुरतंच. तुझ्या सिस्टिममध्ये काही कुरकुरलं नाही, नरेश. जे जिथे हवं तिथेच होतं. मला नेहमी वाटायचं की तू नशिबाने वाचतोस. त्या दुपारी पहिल्यांदा तुझं काम आतून बघितलं, आणि इतकं सुरेख बांधणाऱ्या या माणसाला आपण जिवंतपणी एकदाही चांगलं म्हणालो नाही, याचं मला अतिशय वाईट वाटलं. सुरेखच होतं ते. पण त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही, हेही लिहून ठेवतो. इतकं सुरेख असूनसुद्धा ते दुसऱ्या बोर्डावर एक पाऊल चाललं नव्हतं.

संध्याकाळी मशीन उठलं. पडदा पूर्ण यायच्या आधीच वहिनींनी खुर्चीवरचा गठ्ठा उचलला आणि त्या तिथे बसल्या. स्मरणिका उघडली. मुख्याध्यापक त्यांच्या जागी, शिपाईकाका त्यांच्या जागी. मला जा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही, मीच उठून वर गेलो. शुक्रवारी फाइल वेळेत प्रेसला पोचली.

समारंभ झाला, स्मरणिका वाटल्या गेल्या. सोमवारी सकाळी वहिनींनी मला खाली बोलावलं. चहा हातात दिला आणि म्हणाल्या, "भावजी, आता हे पुसून टाका. तुमच्या ऑफिसात असते ती सिस्टिम टाका."

"वहिनी, मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"नरेशला."

"तुम्ही तो कावळ्याला दिलात," त्या म्हणाल्या. "मी मागेच उभी होते. दिवसभर त्या मशीनवर बसते मी, आणि मला कुणी विचारलं नाही."

तरी बोललो. म्हणालो, "इतक्या वर्षांत एकदा तरी पडलं का ते?"

"नाही पडलं. रोज सकाळी हे चहाचा कप घेऊन आधी त्याच्यासमोर बसायचे. मला वाटायचं, वेड आहे. परवा तुम्हाला बघितलं तेव्हा कळलं, हे रोज थोडं थोडं तेच करत होते. मला बिघाड दिसायच्या आधीच काढत होते."

"मी येत जाईन रोज."

"याल हो. माहीत आहे, याल. पण मला नकोय ते. बिघडलं तर मला उचलून दुकानात नेता येईल असं मशीन हवंय."

आपण दोघं इतकी वर्षं गड चढता-उतरता ज्यावर घसा कोरडा करत होतो, त्याचा निकाल वहिनींनी चहा संपायच्या आत लावला. हाताने बांधलं म्हणून ते मशीन भक्कम नव्हतं, तू रोज त्याच्यापाशी होतास म्हणून होतं. माझंच म्हणणं खरं ठरलं होतं. आणि नरेश, मग मी काय केलं ते ऐक. मी तुझी बाजू घेतली. जे नाहीच ते बिघडणार कसं, म्हणालो. या मशीनला बेतून शिवलेलं आहे, तयार सिस्टिममध्ये दहा नको त्या गोष्टी येतात, उद्या ती आपल्या मनाने अपडेट होईल आणि ऐन कामात दगा देईल, म्हणालो. हातवारे करत, आवाज चढवत. तुझे सगळे मुद्दे मला पाठ होते, मला हे माहीतच नव्हतं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अगदी ह्यांच्यासारखं बोलताय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग माझा रिकामा कप उचलून आत नेला, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चला, लावा पेनड्राइव्ह."

आधी त्यांची सगळी कामं, पानं होती तशीच राहतील अशा पीडीएफसकट, बाहेर काढून घेतली, उघडून तपासली. मग पडद्यावर ती पाटी आली. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? ऑफिसात मी त्या पाटीकडे बघतही नाही, बोट आपसूक जातं. त्या दिवशी हात मांडीवरच राहिले. वहिनी पुढे झाल्या. "सरका," म्हणाल्या. मी सरकलो. त्यांनी पाटी नीट वाचली आणि एंटर दाबलं.

तुझी सिस्टिम पुसली जायला फार वेळ लागला नाही. पट्टी पुढे सरकत राहिली. मग नव्या सिस्टिमने विचारलं, तुमचं नाव काय? तुझ्या सिस्टिमवर नाव एकच होतं, तुझं. इतकी वर्षं वहिनी रोज तुझ्या नावाने आत जायच्या, त्यांची सगळी कामं तुझ्या नावाखाली ठेवलेली. तुला ते कधी खटकलं नाही, मलाही नाही. वहिनींनी त्या रिकाम्या चौकटीकडे जरा वेळ बघितलं आणि 'रंजना' असं टाइप केलं. खालच्या चौकटीत पासवर्ड मागितला होता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "जरा तिकडे बघा."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि तू गेल्यापासून पहिल्यांदाच रडलो.